हाती शिल्लक 1,800

मे संपत आला होता. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धावपळ सुरू होती. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीतून सकाळी सातला फोन आला. "ताई, आजच येवा. गट काय आता ऱ्हवना नाय."

मी बचत गटांचं काम बघते. गट बांधायचे, वह्या तपासायच्या, बँकेच्या कर्जासाठी प्रकरणं तयार करायची. हा गट बारा जणींचा, तीन वर्षं जुना आणि माझ्या यादीतला सगळ्यात 'चांगला'. दर सोमवारी बैठक, प्रत्येकीचे पन्नास रुपये, बँकेचा एकही हप्ता चुकलेला नाही. दुसऱ्या वाडीतल्या बायकांना मी याच गटाचं उदाहरण द्यायचे.

पोचले तेव्हा सगळ्या खळ्यात बसल्या होत्या. माटवाच्या, म्हणजे खळ्यातल्या मांडवाच्या, अर्ध्या झापा उतरवून झालेल्या, त्यामुळे निम्म्या उन्हात आणि निम्म्या सावलीत. कडेला गोलमो, म्हणजे जवळा, सुकत घातलेला. त्या वासाची मला सवय आहे, पण त्या दिवशी डोकं धरलं.

भांडण साधं होतं. लिलावातून मासे घेऊन पाटी फिरवणाऱ्या एका काकीला गटातून बाहेर पडायचं होतं. पावसाआधी कौलं परतायची होती, हातात पैसे नव्हते, म्हणून साठलेली बचत हवी होती. गटाने दिलेल्या पासबुकात 7,650 रुपये. निम्मे तरी आजच द्या म्हणून ती अडून बसली, तेव्हा आदल्या संध्याकाळी पेटी उघडली. वहीत 'हाती शिल्लक' 1,800, पेटीत चिल्लरसुद्धा नाही.

"पेटीत नाय तर गेले खय? वहिनीन खाल्ल्यान," काकी म्हणाली. माझ्या देखत, सगळ्यांच्या देखत.

वहिनी म्हणजे कोषाध्यक्ष. दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. ती काही बोलली नाही, नुसती रोकडवही माझ्या पुढ्यात सरकवली.

मी पानं मागं उलटत गेले. एप्रिलअखेर हाती शिल्लक 1,800. मार्चअखेर 1,800. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, तेच. जमा झालेले पैसे आठवड्याला बँकेत भरले जात होते, कर्ज दिलं-घेतलं जात होतं, पण तळाचा हा आकडा हलत नव्हता. रोख हातात ठेवणाऱ्या माणसाचा आकडा असा कधी थांबत नाही, पाच-पन्नासाने तरी इकडेतिकडे होतो. थेट गेल्या जुलैच्या शेवटापर्यंत तो तसाच होता. आणि प्रत्येक महिन्याखाली निळ्या शाईत 'तपासले' आणि माझी सही.

मी वही तपासत होते. पेटी उघडून मोजा, असं दहा महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं.

"गेल्या पावसात काय झालं?" मी विचारलं. वहिनी उठली, घरात गेली आणि कालनिर्णयचं गेल्या वर्षीचं जूनचं पान घेऊन आली. मागच्या बाजूला पेन्सिलीने चार नावं, प्रत्येकीपुढे फुल्या. एकेकीच्या नऊ. चौघी, नऊ सोमवार, पन्नास रुपये. अठराशे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हे किनाऱ्यावर शेंबड्या पोराला ठाऊक. पण आमच्या गटाच्या नियमांना ते ठाऊक नव्हतं. गटात दोन तऱ्हेच्या बायका होत्या. सुक्या मासळीचा धंदा करणाऱ्या आठ जणी मार्च-एप्रिलात गटाचं कर्ज उचलून माल सुकवतात, आगोटीला आणि पुढं पावसात विकतात. त्यांना जून जड जात नाही. पाटीवाल्या चौघींचं तसं नाही. बोटी लागल्या नाहीत की लिलाव नाही, लिलाव नाही की पाटी पालथी. त्यातच शाळा सुरू होते. गटाचं कर्जही या चौघी क्वचितच घेत, कारण हप्ताही दर सोमवारचाच.

"पन्नास रुपये खयसून हाडतली ती?" वहिनी पहिल्यांदाच बोलली. "आणि तुमीच सांगलात, एक सोमवार चुकलो तर मार्क जातले."

सांगितलं होतं. पंचसूत्री मी प्रत्येक वाडीत घोकून घेते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब लेखन. 1992 मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने 500 गट बँकांना जोडायचं ठरवलं, तेव्हापासून बँक गटाला तारण न घेता कर्ज देते ती याच शिस्तीच्या जोरावर, हेही मीच सांगते. गेल्या वर्षी बँकेच्या दीड लाखाचं प्रकरण ऑगस्टात जायचं होतं. वहिनीने चौघींची बचत वहीत आणि पासबुकात जमा दाखवली. बोटी सुरू झाल्या की मागून घेऊ, असा हिशोब. मग गणपती आले, आणि मागायला तोंड झालं नाही.

नावं वाचायची वेळ माझ्यावर आली. तिसरं नाव काकीचं होतं.

काकीला वाचता येत नाही. तिने शेजारणीला पासबुक दाखवलं, मग पुन्हा मला. "म्हणजे माझ्याच वहीत?" "काकी, तुमचे 7,200 होतात. 450 तुम्ही भरलेलेच नाहीत." ती बराच वेळ पासबुकाचं पान अंगठ्याने घासत बसली. "माका कोणी सांगूक नाय," एवढंच म्हणाली. वहिनीची माफी तिने मागितली नाही. मला वाटलं होतं मागेल.

पैसे कुणी कुणाचे खाल्ले नव्हते, फक्त न आलेले पैसे आले असं लिहिलं होतं. वहीत खाडाखोड करत नाहीत, म्हणून चार उलट नोंदी घातल्या. बचत अठराशेने कमी, हाती शिल्लक शून्य. मग ठराववहीत नवा ठराव: जून-जुलैत बचत आणि हप्ते बंद, ऑगस्ट ते मे दर सोमवारी साठ रुपये. वर्षाला 2,600 ऐवजी 2,580 पडतात. वीस रुपयांवरून कोणी भांडलं नाही. बैठक मात्र पावसातही दर सोमवारी.

काकीने दुसऱ्या दिवशी बँकेतून आपले 7,200 घेतले आणि गेली ती गेलीच. मी दोनदा घरी जाऊन आले. कौलं परतून झाली होती, चहा दिला, गटाचा विषय काढू दिला नाही.

वर पाठवायच्या फॉर्मात 'हंगामी बचत' असा रकाना नाही. मी 'नियमित बचत' पुढे 'नाही' लिहिलं आणि शेऱ्यात कारण. गटाची श्रेणी उतरली, पुढचं कर्ज दिवाळीपर्यंत लांबलं. सुक्या मासळीवाल्या दोघी त्यावरून माझ्याशी अजून धड बोलत नाहीत, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

बंदीतल्या पहिल्या सोमवारी गेले. धो धो पाऊस, पडवीत दहा जणी. बचत नव्हतीच, म्हणून मी सवयीने वही ओढून सही करायला पेन काढलं. वहिनीने वहीवर हात ठेवला आणि पेटी माझ्यापुढे उघडी केली. आत शनिवारी आलेला कर्जाच्या व्याजाचा 140 रुपयांचा भरणा होता.

"आधी मोजा," ती म्हणाली. "मगे सही."