शिरोरेखेखालचा कोपरा

आज सीएनसी राऊटर (संगणकाच्या सूचनांनुसार फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकूड कोरणारं यंत्र) थांबला, भुसा झटकला आणि लाकडातून वर उठलेली अक्षरं दिसली. देखणी! पण शिरोरेखा आणि काना जिथे मिळतात, तो आतला कोपरा गोल आला होता.

"बिट गोल फिरतं, मग काटकोन कुठून येणार?" कारागीर म्हणाला.

खरंच की. ६ मिमी व्यासाचं बिट आतल्या कोपऱ्यात निदान ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतंच. व्ही-बिट, म्हणजे खाली निमुळतं टोक असलेलं बिट, वर उचलत नेलं तर टोक कोपऱ्यात पोचतं, पण मग अक्षरांच्या कडा उतरत्या होतात. मला उभ्याच आवडतात.

शेवटी त्याने पटाशी घेतली. तंतू फाटू नयेत म्हणून आधी खूण कापली, मग एकेक कोपरा हाताने काढला. अक्षरांना खरी धार तेव्हा आली.

तुम्ही असता तर गोलाई तशीच ठेवली असती का?