खानापूर ते परळ आणि परत : छाती काढायची की राखायची?

यंदा उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, डाव्या छातीत गाठ लागली. बायोप्सीत कॅन्सर निघाला. ती खानापूर तालुक्यात नंदगडच्या पलीकडे राहते, मी बेळगावात शहापूरला. तिथून पुढचं सगळं धावणं आम्ही दोघींनी केलं: बेळगाव, मुंबई आणि परत बेळगाव. ते इथे लिहून ठेवतेय, कारण आपल्या भागातल्या बायकांवर ही वेळ येते तेव्हा गाठीच्या आधी अंतराचा हिशेब होतो. "रोज करंट द्यायला बेळगावला कोण नेणार? त्यापेक्षा काढूनच टाका," हे मी कितीतरी घरांत ऐकलंय (करंट म्हणजे किरणांचा उपचार, रेडिएशन). बाईची छाती राहणार की जाणार, हे बसच्या वेळापत्रकावर ठरू नये असं मला कळकळीनं वाटतं.

बेळगावच्या सर्जननी तपासून सांगितलं की गाठ दोन सेंटिमीटरच्या आसपास आहे, एकच आहे, काखेत हाताला काही लागत नाही. दोन्ही ऑपरेशनं होऊ शकतात. एकात पूर्ण स्तन काढायचा. दुसऱ्यात गाठ आणि भोवतीचा थोडा चांगला भाग काढून बाकीचा स्तन ठेवायचा, आणि नंतर किरणं द्यायची. "विचार करून सांगा," म्हणाले.

घरी विचार कसला होतोय! दाजी म्हणाले, मुळासकट काढा, पुढं कटकट नको. सासूबाई म्हणाल्या, आता या वयात काय करायचंय ठेवून. अक्का बावन्न वर्षांची आहे. ती चुलीपुढे बसून ऐकत होती, तिला कुणी विचारलंच नाही. रात्री मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं अंग हाय ते. पण ठेवून मेले तर पोरं मला नावं ठेवतील." तिच्या मनातली खरी भीती ही होती, की ठेवणं म्हणजे जीवाशी खेळणं. त्या भीतीचं उत्तर माणसाच्या तोंडून मिळावं म्हणून आम्ही मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलो.

निघण्याआधीची कागदं नीट जमवा. नुसता बायोप्सीचा रिपोर्ट पुरत नाही. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (त्यांत गाठीचा काढलेला तुकडा ठेवलेला असतो) लेखी अर्ज देऊन मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते स्वतः पुन्हा बघतात, आणि ब्लॉक नसले तर परत माघारी यावं लागतं. ईआर, पीआर आणि हर-टू या गाठीची जात सांगणाऱ्या तपासण्या झाल्यात का ते बघा. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, फिल्म किंवा सीडी घ्या. आपलं रेशनकार्ड कानडीत असतं, मुंबईच्या खिडकीवर ते कुणाला वाचता येत नाही. आधारवर इंग्रजी नाव असतं, ते पुढे करा. आधारवरचं आणि रिपोर्टवरचं नाव एकच आहे ना, हे घरीच तपासा. अक्काच्या एका कागदावर माहेरचं नाव होतं, ते बेळगावातच दुरुस्त करून घेतलं.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत पंचाहत्तर टक्के सूट आहे. त्याचा ठरलेला फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह भरून घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. बेळगावहून दादरला थेट गाड्या आहेत, रात्रभराचा प्रवास. खालचा बर्थ मागा. दादरहून परळचं टाटा रुग्णालय टॅक्सीनं जवळ पडतं. राहायला दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात, आणि जागा मिळेलच असं धरून जाऊ नका. पहिल्या रात्रीची वेगळी सोय हाताशी ठेवा.

टाटामध्ये पहाटेपासून रांग असते. आधी नोंदणी होते, जनरल की प्रायव्हेट ते विचारतात, मग फाइल नंबर आणि कार्ड मिळतं. आम्ही जनरलमध्ये गेलो. वेळ जास्त लागतो, पण डॉक्टर तेच. डबा, पाण्याची बाटली, पुढून उघडणारा सुती ब्लाउज आणि एक ओढणी एवढं जवळ ठेवा. तपासायला पुन्हा पुन्हा उघडं व्हावं लागतं. अक्का पहिल्यांदा रडली, नंतर ओढणी खांद्यावर घेऊन नीट बसायला लागली.

आता मूळ गोष्ट. आम्हाला तपासलं त्या बाई डॉक्टर मराठी बोलत होत्या. त्यांनी फाइलच्या मागच्या कोऱ्या कागदावर पेननं दोन गोल काढले. एका गोलात बारका ठिपका, दुसऱ्यात चार ठिकाणी चार ठिपके. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमचं हे आहे. हे राखता येतं." दुसऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "असं असतं तर मीच काढा म्हटलं असतं." मग अक्कानं तिचा प्रश्न विचारला: "ठेवलं तर मी लवकर मरीन का?" त्या म्हणाल्या, नाही. आणि का नाही, तेही सांगितलं. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी या सर्जननी १९७३ ते १९८० मध्ये ७०१ बायकांवर हे करून बघितलं: निम्म्यांचा स्तन काढला, निम्म्यांचा राखून किरणं दिली. वीस वर्षांनंतरचा निकाल २००२ मध्ये छापून आला. दोन्हीकडे जगण्या-मरण्यात फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासाचा वीस वर्षांचा निकाल आला. तिथे चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी घेतल्या होत्या, आणि तिथेही तेच दिसलं.

फरक कुठे पडतो तेही त्यांनी झाकलं नाही. मिलानमध्ये राखलेल्या स्तनात वीस वर्षांत शंभरातल्या ८.८ जणींना पुन्हा गाठ आली, काढलेल्यांमध्ये त्याच जागी २.३ जणींना. म्हणजे राखलं तर पुन्हा ऑपरेशनची पाळी यायची शक्यता थोडी जास्त. आणि किरणं टाळली तर ती फार वाढते: फिशर यांच्या अभ्यासात राखलेल्या स्तनात पुन्हा गाठ आली ती किरणांशिवाय शंभरात ३९.२ जणींना आणि किरणं घेतल्यावर १४.३ जणींना. हे जुने आकडे आहेत, आता औषधं सुधारल्यामुळे ते कमी झालेत, असं त्या म्हणाल्या. पण त्यातून घ्यायची गोष्ट सरळ आहे. राखायचं तर किरणं घ्यायचीच. मध्येच सोडणार असाल तर राखू नका.

अंतराचा प्रश्न इथेच येतो. आमच्या डोक्यात होतं की करंट म्हणजे पाच-सहा आठवडे रोजची वारी. पूर्वी तसं होतंही. आता बहुतेक ठिकाणी पंधरा-सोळा वेळा, म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरून तीन आठवड्यांत होतं. काहींना गाठीच्या जागी वरून आणखी काही वेळा द्यावं लागतं. काही निवडक पेशंटना एका आठवड्यात पाचच वेळा द्यायची पद्धतही २०२० पासून आली आहे. आणि मशीन बेळगावातच आहे, मुंबईला राहायची गरज नाही. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर किंवा मिरज, हल्याळ-धारवाडकडच्यांना हुबळीचं नवनगर जवळ पडेल. हो-नाही म्हणण्याआधी एवढं विचारा: किती वेळा द्यायचं, कुठल्या गावात, आणि ऑपरेशननंतर किती दिवसांनी तारीख मिळेल. दाजींचा विरोध अभ्यासाच्या आकड्यांनी गेला नाही, "तीन आठवडे, बेळगावातच" या शब्दांनी गेला.

दुसरा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय, की स्तन काढला म्हणजे केमो आणि किरणं टळतात. केमो, गोळ्या, इंजेक्शनं हे गाठीच्या जातीवर आणि काखेतल्या गाठींत (लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांच्याच काखेत असतात) रोग पोचलाय का यावर ठरतं, ऑपरेशन कुठलं केलं यावर नाही. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेत चार किंवा जास्त गाठींत रोग निघाला, तर स्तन काढल्यावरही किरणं घ्यावीच लागतात. नुसत्या किरणांना भिऊन स्तन काढून घेतलेल्या बाईला पुढे हे कळतं तेव्हा तिचं काय होत असेल!

ज्यांनी काढायचं ठरवलं त्यांना मी चूक म्हणत नाही. धर्मशाळेत गडहिंग्लजकडच्या एक काकी भेटल्या. त्यांच्या मॅमोग्राफीत सगळ्या स्तनभर चुन्याचे बारीक कण पसरलेले होते, त्यांच्यासाठी काढणंच बरोबर होतं. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत गाठी असल्या, आधी छातीला किरणं झालेली असली, स्तन लालबुंद सुजलेला असला, तर राखण्याचा आग्रह धरू नये. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती आटवून मग राखता येते का, हे मात्र जरूर विचारा. घराण्यात आई-मावशीला लहान वयात झालेला असेल तर जनुकांची तपासणी आधी करा, त्यानं निर्णय बदलू शकतो. आणि एखादीला मनातून वाटत असेल की ठेवलं तर रोज रात्री धास्तीनं झोप यायची नाही, तर तेही कारण खरं आहे. फक्त ते तिचं असावं, दिराचं-नवऱ्याचं नको.

अक्काच्या बाबतीत खरी महत्त्वाची निघाली ती काख. ती भाताची लावणी करते, डोक्यावरून पाणी आणते. डॉक्टरना तिनं सांगितलं, "बाई, छातीचं तुम्ही बघा, पण हात उचलला पाहिजे." तेव्हा कळलं की हात सुजतो तो मुख्यतः काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यामुळे, आणि त्याचा स्तन काढण्या-राखण्याशी थेट संबंध नाही. काखेत हाताला काही लागत नसेल तर निळा रंग टोचून पहिल्या काही गाठीच काढून तपासता येतात, त्यांत रोग नसेल तर बाकीच्या ठेवतात. आपल्याकडे ही सोय आहे का, हे स्पष्ट विचारा. ऑपरेशन चालू असतानाच काढलेला भाग तपासून त्याच्या कडा रोगापासून स्वच्छ आहेत का बघतात का, तेही विचारा. कडेला रोग निघाला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. ती तयारी मनात ठेवूनच राखायचं ठरवावं.

मुंबईच्या डॉक्टरनी बेळगावच्या सर्जनचंच म्हणणं खरं ठरवलं, चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, तिकडेच करा, घर जवळ आहे. दोन-तीन आठवडे विचारात गेल्यानं काही बिघडत नाही, महिने मात्र घालवू नका. परतीच्या गाडीत मिरज सोडल्यावर अक्का म्हणाली, "राखूया. करंट घेते मी." ऑपरेशन बेळगावात झालं. निळ्या रंगामुळे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट झाली आणि ती घाबरून गेली. आधी माहीत असलेलं बरं. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. सगळ्या काढाव्या लागल्या असत्या तर आतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि डबा काही दिवस अंगावर राहतो, त्यात रोज किती पाणी आलं ते मोजून लिहावं लागतं. तेव्हा घरी एक मापाचं भांडं आणि वही ठेवा. हाताचा व्यायाम फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणे सुरू करा. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, कालच्यापेक्षा थोडी वर. अक्कानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं खुणा केल्या होत्या.

पैशांचं सांगते. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी आणि ऑपरेशनच्या आधी मंजुरी लागते, नंतर धावून उपयोग नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर आपलं गाव यादीत आहे का आणि कागद कुठले चालतील, हे त्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. किरणांच्या दिवसांत बसचा खर्च झालाच नाही. कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. पण हे राज्याच्या हद्दीपुरतंच; पलीकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट पडतं.

किरणं रोज काही मिनिटांची असतात, दुखत नाही. आधी अंगावर निशाण्या करतात, त्या घासून काढू नका. त्या जागेवर पावडर, हळद, तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. डावी बाजू असेल तर हृदयाला किरणं कमी लागावीत म्हणून श्वास रोखून धरायला शिकवतात का, विचारा. शेवटच्या आठवड्यात अक्काची कातडी काळवंडली आणि काखेजवळ सोलली, थकवाही आला. दुपारच्या बसला उभं राहायला लागू नये म्हणून आम्ही सकाळची वेळ मागून घेतली, आणि ती मिळाली. खानापूरकडून येणाऱ्यांनी पावसाळ्यात तासभर आधीच निघावं.

आता तिला गोळ्या सुरू आहेत, त्या पाच वर्षं तरी घ्यायच्या. वर्षातून एकदा दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी करायची. राखलेल्या स्तनासाठी ती चुकवायची नाही, आणि जाताना जुन्या फिल्म बरोबर न्यायच्या म्हणजे फरक कळतो. तारीख लावणीच्या दिवसांत आली तर खिडकीवर सांगून आधीची मागून घ्या, पुढची घेऊ नका.