तुम्ही विचारलंत म्हणून : ती पोरं जंगलात जातात कशी?

गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या एका आश्रमशाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. हे कळलं की पुण्यात असो वा नागपुरात, थोड्या वेळानं तो प्रश्न येतोच. "मॅडम, आता तिकडे रस्ते झाले, शाळा आहेत, हातात मोबाइल आलेत. तरी ती पोरं नक्षल्यांकडे जातातच कशी?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे एक तरुण असतो. तो परिस्थितीला कंटाळतो, कुणाचं तरी भाषण ऐकतो, एका रात्री मनाशी ठरवतो आणि बंदूक खांद्यावर घेतो. मला भेटलेल्या मुलांपैकी अशी गोष्ट जवळजवळ कुणाचीच नव्हती. असं ठरवून आलेली माणसं चळवळीच्या वरच्या फळीत होती. ती शहरांतून, कॉलेजांतून आलेली, वाचलेली, वाद घातलेली. खालच्या फळीतली माझ्या शाळेच्या पट्ट्यातली पोरं जायला लागली तेव्हा दहा, बारा, चौदा वर्षांची होती.

तेव्हाचा क्रम असा. आधी गावाजवळ दलम, म्हणजे नक्षल्यांचं सशस्त्र पथक, मुक्कामाला येतं. घराघरातून भात गोळा होतो आणि तो पोचवायचं काम पोरांकडे येतं. रात्री चेतना नाट्य मंच या त्यांच्या कलापथकाची माणसं गाणी म्हणतात, नाच होतो. तीही इथली माडिया बोलीच बोलतात, पोरांना नावानं हाक मारतात. ज्या गावातला मास्तर पंधरा ऑगस्टला नि सव्वीस जानेवारीलाच दिसतो, तिथल्या मुलाला याचं काय वाटत असेल, विचार करा. मग बाल संगम, म्हणजे त्यांची मुलांची संघटना. मग निरोप नेणं, पोलीस पार्टी कुठवर आलीय ते सांगणं. त्यानंतर जनमिलिशिया, म्हणजे राहायचं घरीच, शेती करायची, पण बोलावलं की जायचं. आणि मग दलम निघताना "तुम्ही दोघं चला आमच्यासोबत" असं सांगितलं जातं. काही गावांत घरटी एक मूल द्या असं फर्मान निघत असे. मग आईबाप पोराला रातोरात मामाच्या गावाला धाडत, नाहीतर आमच्या वसतिगृहात आणून सोडत. पहिलीत बसवलेला मुलगा बारा वर्षांचा का, हे मला असं कळत गेलं.

मुलींची कारणं थोडी वेगळी असत. मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी लग्न ठरलेलं असतं आणि तिला तो मुलगा नको असतो. अशा वेळी गणवेश घातलेली, पुरुषांशी बरोबरीनं बोलणारी एक ताई गावात येते. कुणी त्या मुलीला "फूस लावली" म्हणतात. मला ते पटत नाही. घरातून सुटायची तिला तीच एक वाट दिसत होती.

भीती ही तर सगळ्यांचीच वाट. ज्याच्या घरी दलम जेवलं, त्याचं नाव पोलिसांकडे जातं. त्याला दोनदा ठाण्यात बोलावलं, मारलं, की दादालोग, म्हणजे नक्षली, म्हणतात, हा आता पोलिसांचा माणूस झाला. मग अंगणात राहणं जंगलात राहण्याहून धोक्याचं होतं. असे दोन्हीकडून रेटले गेलेले कितीतरी आहेत आणि त्यांच्या जाण्यात विचारसरणीचा एक शब्दही नव्हता.

थोडं मागचं सांगते. 1980 मध्ये तेलंगणातून पीपल्स वॉर या नक्षली संघटनेची पथकं नदी ओलांडून आमच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याकडे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोयाबिनपेठ्याला पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला. चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. म्हणजे जिल्हा जन्मला तेव्हा हे भांडण तिथं आधीच येऊन बसलं होतं. सुरुवातीला लोकांनी त्यांना जागा दिली, त्याला कारणं होती. तेंदूपत्त्याची मजुरी वाढली, जंगलखात्याच्या नाकेदाराची कोंबडी-दारूची वसुली थांबली. हे नाकारून चालणार नाही. पण पुढं त्याच दलमांनी गावातल्या माणसांना पोलिसांचे खबरे ठरवून रात्री उठवून नेलं आणि सकाळी रस्त्यावर प्रेत आणि त्यावर पत्रक सापडायला लागलं, हेही तितकंच खरं. 1990 मध्ये पोलिसांनी सी-60 हे नक्षलविरोधी पथक उभं केलं. त्यात भरती झाले ते इथलेच तरुण, जंगल जाणणारे, भाषा बोलणारे. तेव्हापासून समोरासमोर आलेली पोरं बहुतेक एकाच भागातली. एका आडनावाचे दोघं, एक या बाजूला नि एक त्या बाजूला, हे तिथं कुणाला नवल वाटत नाही.

एप्रिल 2018 चं उदाहरण मी नेहमी देते. भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरिया इथं चकमक झाली, पुढचे काही दिवस इंद्रावतीतून प्रेतं निघत राहिली, एकूण आकडा चाळीसच्या आसपास गेला. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीचे लोक पुढं आले. आमची मुलं कसनासूरला लग्नाला जातो म्हणून घरून निघाली होती, असं त्यांचं म्हणणं. पोलीस म्हणाले, ती नुकतीच दलममध्ये भरती झालेली होती. टीव्हीवर यातलं खरं कुणाचं यावर वाद झाले. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मूल लग्नाचं सांगून घरातून निघतं आणि त्याच आठवड्यात दलमच्या यादीत त्याचं नाव लागतं. ते तिथं चार दिवस असो की चार वर्षं, गोळीला काय फरक पडतो?

आता परत येण्याविषयी, कारण त्याबद्दल मला कुणी फारसं विचारत नाही.

महाराष्ट्रात आत्मसमर्पणाची योजना 2005 पासून आहे. दलममधल्या पदानुसार रक्कम मिळते, घर मिळू शकतं, काम मिळवून देतात. योजना चांगली आहे आणि तिनं माणसं वाचली, हे मी मनापासून म्हणते. पण चौदाव्या वर्षी गेलेला माणूस तिशीत बाहेर येतो, तेव्हा त्याच्याकडे जन्माचा दाखला नसतो, आधार नसतं, रेशन कार्डावर त्याचं नाव कधीच नव्हतं किंवा वडिलांनी घाबरून कमी केलेलं असतं. बँकेत सही कुठं करायची ते ठाऊक नसतं. फाल्सिपेरम मलेरियानं प्लीहा वाढलेली असते. गंभीर गुन्ह्यांचे खटले समर्पणानं आपोआप मिटत नाहीत. आणि गावी जाता येत नाही. आई मेल्याचं कळतं तेव्हा मातीला जायचं की नाही, हे आधी पोलिसांना विचारावं लागतं.

सर्वांत जास्त मला सलतं ते नसबंदीचं. दलममध्ये लग्नाला परवानगी मिळायची, पण त्याआधी नवऱ्या मुलाची नसबंदी करायची असा दंडक होता, मूल झालं तर चळवळीचं काम थांबतं म्हणून. विशीतली मुलं ही. कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी नाही म्हणायची हिंमत कुणात होती? बाहेर आल्यावर यातले अनेक जण पहिली मागणी करतात ती नस पुन्हा जोडून देण्याची. त्यासाठी पोलीसच दवाखान्यात व्यवस्था करतात. काहींना मूल होतं. काहींना होत नाही, फार वर्षं गेलेली असतात. मी ओळखते अशी एक बाई, गडचिरोलीजवळ राहते, शिवण करते. तिनं मला एवढंच सांगितलं, "बाई, आमच्यातला जो मोठा नेता होता त्याला मुलं आहेत की नाहीत ते मला माहीत नाही. मला नाहीत." पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

15 ऑक्टोबर 2025 ला भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, यानं साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. सगळीकडे त्याचा फोटो आला. तो नक्षल्यांचा सर्वांत वरच्या फळीतला नेता, सत्तरीला टेकलेला, म्हणून ते साहजिकच. पण मला त्या बाकीच्या साठांबद्दल प्रत्येकी एकच गोष्ट हवी होती: हा गेला तेव्हा किती वर्षांचा होता? समर्पणाच्या बातमीत नाव असतं, पद असतं, चकमकी, जाळपोळ, खून यांची मोजदाद असते, डोक्यावरचं बक्षीस असतं. भरतीचं साल कधी कधी असतं, त्या साली त्याचं वय काय होतं ते मात्र क्वचितच. ते सरकारी कागदावर ठळक यावं, ही माझी मागणी आहे. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 83 मध्ये अशा सशस्त्र गटानं मुलाची भरती केली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड अशी तरतूद आहे. ज्यांनी पोरं नेली त्यांना या कलमाखाली जाब विचारायचा, तर आधी त्या पोरांचं वय कुठंतरी लिहिलेलं लागेल.

आणि सरकारनंही मुलांच्या हाती बंदूक देऊ नये. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या, म्हणजे सरकारच्या पाठबळावरच्या नक्षलविरोधी मोहिमेच्या, काळात पाचवी शिकलेल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून पुढं घातलं. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. तरी पुढं त्यातलेच कित्येक आणि समर्पण केलेले माओवादी, म्हणजे नक्षलीच, डीआरजी (डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड) या पोलीस दलात गेले. 26 एप्रिल 2023 ला दंतेवाड्यात अरनपूरजवळ सुरुंगात त्या दलाचे दहा जवान आणि गाडीचा चालक मेले. जवानांपैकी काही जण आधी माओवाद्यांकडे होते. एक हात सोडवून दुसऱ्या हातात तीच बंदूक. त्यांना जंगल माहीत असतं, ते उपयोगी पडतात, हे मला समजतं. तरीही मी याच्या विरोधात आहे. शेळ्या द्या, दुकान काढून द्या, कारखान्यात लावा, शिकवा. गणवेश नको.

इतकं सांगून झालं की समोरचा बरेचदा म्हणतो, "आणि त्यांनी ज्यांना मारलं, त्यांचं काय?" हा प्रश्न मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. आमच्या वसतिगृहात एका खोलीत दोन मुलं होती. एकाच्या बापाला खबऱ्या म्हणून मारलेलं. दुसऱ्याची मावशी दलममध्ये. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं, कारण तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं. जुलैअखेर नक्षल्यांचा शहीद सप्ताह आला, एसटी बंद झाली, की पहिला मुलगा जेवायचा नाही. आम्हा शिक्षकांना त्यासाठी कुणी काही शिकवलेलं नव्हतं. आम्ही त्याला खिचडी पुढं करायचो आणि पाढे म्हणवून घ्यायचो.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या बापाला नेणाऱ्यांपैकी कुणी समर्पण करून जिल्ह्याच्या गावी राहत असेल, तर आठवडी बाजारात दोघं समोरासमोर येणं अजिबात अशक्य नाही. एकाला समर्पणाची रक्कम मिळाली, दुसऱ्याच्या आईला मदत मिळाली असेल तर ती कधीच खर्च होऊन गेली. या दोघांना एकत्र बसवणारं, निदान आधी वेगवेगळं ऐकून घेणारं माणूस जिल्ह्यात हवं. ते माडिया आणि गोंडी बोलणारं हवं, पोलीस खात्याबाहेरचं हवं, आणि एक नव्हे, प्रत्येक आश्रमशाळेमागे एक हवं. नक्षलवाद संपल्याचं जाहीर झालं म्हणून ही गरज संपत नाही, उलट आता कुठं ते काम सुरू करण्याइतकी शांतता मिळालीय. तुमच्या ओळखीत मानसशास्त्र शिकलेली, दोन वर्षं एटापल्लीला राहायची तयारी असलेली तरुण मुलं असतील तर मला सांगा. भाषा शिकवायची जबाबदारी माझी.