तुम्ही विचारलंत म्हणून: निवृत्त टेनिसपटूकडे पैसा किती?

मुलाला टेनिसला घातलेले सांगलीतले आईबाप हमखास विचारतात: अमक्या निवृत्त खेळाडूची संपत्ती नेटवर इतके कोटी दाखवतात, खरी किती? बक्षिसाचा आकडा खरा असतो. संपत्तीचा बहुतेक वेळा अंदाज.

बक्षिसाची एकूण रक्कम एटीपी ही पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे डॉलरमध्ये देते, एकेरी-दुहेरी सगळं धरून. फेडररची 13 कोटी 5 लाख 94 हजार 339, सॅम्प्रसची 4 कोटी 32 लाखांच्या वर, लिअँडर पेसची सुमारे 86 लाख. पण ही तासगावच्या सौद्यात पुकारलेल्या बेदाण्याच्या रकमेसारखी समजा. हमाली, तोलाई, स्टोरेजचं भाडं आणि वर्षभराची औषधं अजून वजा व्हायची असतात.

पहिली कात्री कराची, आणि ती खेळाडू जिथे खेळतो तिथेच लागते. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारणपणे 30 टक्के आधीच कापतात. खर्च दाखवून रिटर्न भरलं तर काही परत मिळू शकतं. ब्रिटन तर जाहिरातीच्या पैशातही वाटा मागतं. अमेरिकेचा टेनिसपटू आगासी त्याविरुद्ध कोर्टात गेला. नायकी आणि हेड या खेळाच्या सामानाच्या कंपन्यांनी पैसे त्याच्या कंपनीला दिले होते, देणारे-घेणारे कुणीच ब्रिटनचे नव्हते. तरी 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, निकाल त्याच्या विरोधात दिला. करानंतर कोच, फिजिओ, विमानभाडं, एजंट.

जुन्या खेळाडूंच्या बाबतीत एक चूक सर्रास होते: 1993 चे डॉलर आजच्या भावाने रुपयांत मांडतात. तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता.

संपत्तीचा हिशेब वेगळाच. बोरिस बेकरने टेनिस कोर्टवर अडीच कोटी डॉलरहून जास्त मिळवले, तरी 2017 मध्ये तो दिवाळखोर ठरला आणि मालमत्ता लपवल्याबद्दल 2022 मध्ये तुरुंगात गेला. उलट फेडररची संपत्ती फोर्ब्सने 2025 मध्ये शंभर कोटी डॉलरच्या वर धरली. त्यात बक्षिसाचा वाटा किरकोळ. मोठा पैसा जाहिरातींचा आणि ऑन या बुटांच्या कंपनीतल्या हिश्शाचा. शेअरचा भाव हलला की हा आकडाही हलतो. कर्ज, घटस्फोटातली वाटणी, घरांची खरी किंमत या गोष्टी बाहेरच्याला दिसत नाहीत. म्हणून कुठून आला हे न सांगणारा गोल आकडा मी तरी सोडून देतो.

विचारतात फेडररचं, पण मनात असतं पोराचं. तर खालच्या पायरीचा हिशेब बघा. आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ. त्याच्या पुरुषांच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एम-15 मध्ये, एकूण बक्षीस 15,000 डॉलर. एकेरीत 32 जण. पाच सामने जिंकणाऱ्याला 2,160 डॉलर, पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 156. डॉलर 85 रुपये धरला तर हे अनुक्रमे एक लाख 84 हजार आणि तेरा हजारांच्या आसपास. कर कापायच्या आधी. त्या तेरा हजारांत प्रवास, हॉटेल, जेवण आणि रॅकेटचं स्ट्रिंगिंग बसवून दाखवा. दुहेरीतली रक्कम तर जोडीची असते, ती निम्मी करून धरायची. परदेशात खेळला तर कापलेल्या कराचं सर्टिफिकेट आयोजकांकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. इथल्या रिटर्नमध्ये तो कर इथल्या करातून वळता करून मागताना तेच लागतं. आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धांत हा प्रश्नच येत नाही, तिथे रोख बक्षीस नसतं, फक्त रँकिंगचे गुण.