आधी मावळा मोजा, मग गड बांधा

यंदा दिवाळीत बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, तिकडं येळ्ळूर, कंग्राळीपर्यंत फिरून किल्ले बघितले. पोरांची मेहनत बघून खरंच ऊर भरून येतं, किती दिवस आधीपासून माती आणायची, विटा गोळा करायच्या, गोणपाट भिजवायचं, शाळेतनं आलं की दप्तर टाकून थेट चिखलात. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक किल्ल्यावर दिसते आणि ती कुणीतरी सांगायला पाहिजे की. मावळा दरवाजातनं आत जाऊ शकत नाही. दरवाजा चार इंच, मावळाही चार इंच, शेजारची तोफ दोन इंच, आणि सिंहासनावर बसलेले महाराज बालेकिल्ल्यापेक्षा उंच.

मी उद्यमबागात पॅटर्न शॉपमध्ये कामाला आहे आणि उरलेला वेळ स्केल मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या वस्तूच्या मापात केलेल्या लहान प्रतिकृतींमध्ये जातो, त्यामुळं माप चुकलेलं मला लगेच दिसतं. आमच्या धंद्यात बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं कास्टिंग थंड होताना आवळतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं वाळूत साचा घेतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या शाळेतल्या पट्टीपेक्षा जरासा मोठा. पट्टी एकदा ठरली की मग सगळं काम त्याच पट्टीनं, एक भाग ह्या पट्टीनं आणि दुसरा त्या पट्टीनं केला तर पार्ट भंगारात. मॉडेलचंही अगदी तेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किटच्या खोक्यावर १/७२ लिहिलेलं असतं म्हणजे खरी वस्तू ७२ पट मोठी, सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. विमानं बहुतेक १/७२ आणि १/४८ मध्ये. रणगाडे आणि सैनिक १/३५ मध्ये, आणि हे ३५ कुठनं आलं तर साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टमिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं, आत मोटर आणि सेल बसायला पाहिजेत म्हणून तेवढं माप धरलं आणि पुढं तेच रूढ झालं. नुसत्या फिगर रंगवणाऱ्यांचं माप वेगळं, ५४ मिलिमीटर, ७५ मिलिमीटर असं माणसाच्या उंचीवर. ५४ मिलिमीटरला ३२ नं गुणा, १७२८ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंचाचा माणूस, म्हणून ५४ ची फिगर १/३२ च्या मॉडेलशेजारी शोभते.

आता हेच गणित आपल्या किल्ल्याला लावूया. बाजारात मिळणारा मातीचा मावळा चार इंचाचा धरला तर तो झाला जवळपास १/१६. राजगडाची संजीवनी माची साधारण अडीच किलोमीटर सांगतात, ती १/१६ मध्ये करायला गेलात तर दीडशे मीटरच्या वर जाते, नुसती माची, पद्मावती नाही सुवेळा नाही बालेकिल्ला नाही. एवढी तर आमची अख्खी गल्ली पण नाही. उलट गड अंगणात बसवायचा म्हणून १/१००० केला तर माची अडीच मीटर होते, पण मग मावळा दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे: अख्खा गड करू नका, गडाचा एक तुकडा करा. अख्खा गड पाहिजेच असेल तर माणसं नकोत, नकाशासारखा उठावाचा करा, तेही सुंदर काम आहे आणि त्यातनं डोंगर, सोंडा, माच्या, पाण्याची टाकी कुठं कशी हे पोरांना नीट कळतं. पण मावळे पाहिजे असतील तर एक दरवाजा घ्या. रायगडाचा महादरवाजा घ्या, दोन बाजूला दोन बुरूज, एक ७५ फूट आणि एक ६५ फूट असं सांगतात, ५४ मिलिमीटरच्या मावळ्याबरोबर म्हणजे १/३२ मध्ये केले तर एक होतो साधारण २८ इंच आणि दुसरा २४ इंच. अंगणात आरामात बसतो! आणि त्याच्या पायथ्याशी दोन इंचाचा मावळा उभा केला की बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते, तो दरवाजा किती अंगावर येतो ते तेव्हा कळतं. चार इंचाचा मावळा आणि दोन फुटाचा रायगड ह्यात ते कधीच होणार नाही.

मापं मिळवायला लांब जायला नको. आपला बेळगावचा किल्ला आहे की, खंदकासकट, रोज त्याच्या बाजूनं बस जाते. एका मित्राला तटाला टेकून उभा करा, जरा लांबनं सरळ फोटो काढा, मग फोटोत मित्र पट्टीनं मोजा आणि तट मोजा, मित्राची उंची माहीतच आहे, भागाकार केला की तटाची उंची आली. तसंच एक दगड किती लांब, एका थरात किती दगड, हे वहीत लिहून घ्या. विटांवर पेनानं आखलेल्या सरसकट चौकोनांपेक्षा हे दगड लगेच वेगळे दिसतात. राजहंसगडावर पण असंच करता येईल.

हिरवळीचं पण बघा. आपण हळीव पेरतो, दिवाळीपर्यंत मस्त दोन इंच येतंय, पण १/३२ मध्ये दोन इंच म्हणजे पाच फुटाच्या वर गवत, मावळ्याच्या डोळ्यांपर्यंत. हळीव लांबच्या झाडीसाठी ठेवा, दरवाजापुढं मात्र लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा चाळून घ्या, दोन-तीन वेगळ्या हिरव्या आणि एका पिवळट रंगात भिजवून वाळवा आणि पातळ फेविकॉलवर भुरभुरा. माती खानापूरकडची तांबडी असेल तर ती सुद्धा चाळूनच, नाहीतर एकेक खडा मावळ्याच्या डोक्याएवढा दिसतो.

आता रंगकाम, ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण माझा जीव त्यातच आहे. बाजारातले मावळे बघा, भडक गुलाबी अंगरखा, चकाकणारा ऑइल पेंट, काळ्या रंगाचे दोन ठिपके म्हणजे डोळे. कारागिराला एका दिवसात ढीगभर रंगवायचे असतात, त्याचा दोष नाही. पण तो झगझगीत रासायनिक गुलाबी शिवकाळात नव्हता, रासायनिक रंग आले ते १८५६ नंतर. त्याआधी लाल म्हणजे मंजिष्ठेचा नाहीतर आल नावाच्या झाडाच्या मुळांचा, निळा म्हणजे निळीचा, आणि साधा माणूस बहुतेक न रंगवलेल्या सुती कपड्यात, धुऊन धुऊन मळकट पांढरा झालेला. शहापूर-वडगावात तर मागावर जन्म गेलेली म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना विचारा सूत रंगवल्यावर उन्हात कुठला रंग लवकर उडतो, ते जे सांगतील ते कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही.

फिगर रंगवायची पद्धत अशी. आधी प्रायमर, त्याशिवाय रंग धरत नाही, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात करड्या प्रायमरचा स्प्रे मिळतो तो चालतो. काळा मारून वरच्या बाजूनं पांढऱ्याचा हलका फवारा दिला की डोक्यावर ऊन पडल्यासारखं दिसतं आणि सावल्या कुठं पडणार ते रंगवण्याआधीच कळतं. मग मूळ रंग, पातळ करून दोन-तीन हात, एका जाड हातात कधीही नाही. मग घड्यांमध्ये गडद रंगाचं पाणी सोडायचं, ते आपोआप खोलगट जागेत जाऊन बसतं, आणि वाळल्यावर उंचवट्यांवर फिकट रंग. लहान वस्तूवर अस्सल काळा आणि अस्सल पांढरा वापरायचा नाही, लांबनं बघताना मध्ये हवा असते म्हणून सगळे रंग जरा फिके दिसतात, तेवढे ते आपणच फिके करायचे. काळ्यात थोडा तपकिरी, पांढऱ्यात थोडा पिवळा.

चेहऱ्याला परदेशी बाटलीतला स्किन कलर घेऊ नका, तो गोऱ्या युरोपियन माणसाचा असतो. आपला मावळा उन्हातला आहे. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर एकत्र करून मूळ रंग काढा, सावलीला त्यातच तांबूस तपकिरी, आणि उजेडाला पांढरा नको, पांढऱ्यानं चेहरा राख फासल्यासारखा होतो, ऑकर वाढवा आणि एखादा थेंब नारिंगी. डोळे सगळ्यात आधी रंगवायचे म्हणजे चुकलं तर भोवतीच्या कातडीच्या रंगानं दुरुस्त करता येतं. बुबुळ वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांना टेकलं पाहिजे, मधेच सुटा ठिपका राहिला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. हे मला आमच्याकडच्या एका गणपतीच्या मूर्तिकारानं पण वेगळ्या शब्दांत सांगितलंय, तो म्हणाला, वरच्या पापणीची रेघ आधी मार गा, नजर ती रेघ ठरवते. केवढी मोठी विद्या आहे ही, आणि आपल्याकडं प्रत्येक पेठेत आहे.

ब्रश अगदी बारीक घ्यायचा असं सगळ्यांना वाटतं, तसं नाही. तीन शून्यवाल्या ब्रशचा रंग टोकाला येईस्तोवर वाळतो. एक नंबर किंवा शून्य नंबर घ्या, पण टोक चांगलं पाहिजे आणि पोटात रंग राहिला पाहिजे. उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच सुकतं, तेव्हा डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद, रंग तासन्‌तास ओला राहतो. पावसाळ्यात उलट, आपल्याकडं आषाढ-श्रावणात हवेत एवढी ओल असते की लॅकरचा स्प्रे मारला की त्यावर पांढरट धुकं धरतं. म्हणून जोडकाम आणि ब्रशचं काम पावसात, फवारणी दसऱ्याच्या आसपास ऊन पडल्यावर.

आमच्या ओळखीत एक निवृत्त फौजी काका आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीचे. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं आमच्यासाठी ही पलटण घरचीच. ते सध्या १/३५ मध्ये नाईक यशवंत घाडगे करताहेत, १० जुलै १९४४, इटलीत टायबरचं खोरं, सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले बाकी सगळे पडलेले किंवा जखमी झालेले आणि हा एकटा मशीनगनवर चालून जातो, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ह्या प्रसंगाचा किट आम्हाला तरी कुठं मिळाला नाही. टमियाच्या ब्रिटिश आठव्या सैन्याच्या सेटमधलं धड, टॉमी गन दुसरीकडची, चेहरा एपॉक्सी पुट्टीनं नवा घडवलेला, मिशी सुईनं कोरलेली. एक माणूस आणि तळहाताएवढी जमीन, बस. पोरांना मी हेच दाखवतो, की प्रसंग मोठा असला म्हणून पसारा मोठा लागत नाही.

स्पर्धेबद्दल मला मनापासून बोलायचंय. एका मंडळाच्या स्पर्धेत मी परीक्षकांबरोबर फिरलो होतो, एकेका किल्ल्यापुढं दोन-तीन मिनिटं, लाईट किती, कारंजं आहे काय, पोरगं माहिती घडाघडा म्हणतंय काय, की झालं. मावळ्याकडं वाकून कुणी बघितलंच नाही. बाहेरच्या देशांत मॉडेलच्या स्पर्धांना साठ वर्षांची परंपरा आहे, इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. तिथं परीक्षक बॅटरी घेऊन वाकतात, आधी मूळ काम बघतात, जोड भरलाय काय, चाकं सगळी जमिनीला टेकलीत काय, गोंदाचा डाग आहे काय, स्टिकरखाली हवा राहून चकाकतंय काय, आणि मग रंग. काही ठिकाणी पहिला-दुसरा-तिसरा अशी क्रमवारीच नसते, प्रत्येक मॉडेल ठरलेल्या कसोटीवर तपासतात, चार जणांचं काम सोन्याच्या पदकाचं असेल तर चौघांनाही सोन्याचं. दिवाळीच्या किल्ल्यांना मला हीच पद्धत योग्य वाटते. पाचवीतल्या पोराला पहिल्याच वर्षी कॉलेजच्या पोरांशी कशाला लढवायचं? त्याला कागदावर चार ओळी लिहून द्या, काय चांगलं झालं, पुढच्या वर्षी काय सुधारायचं. ढाल कपाटात जाते, तो कागद पोरगं जपून ठेवतंय.

येळ्ळूरकडचं एक पोरगं मला म्हणालं, काका, सगळं पटलं पण दोन इंचाचे मावळे आणायचे कुठनं? खरा प्रश्न हाच आहे, बाजारात ते नाहीतच. म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलंय. तारेचा सांगाडा, त्यावर एमसील, असे पाच वेगवेगळे मावळे ५४ मिलिमीटरमध्ये घडवायचे, एक भालाईत, एक तलवार-ढालवाला, एक दरवाजावरचा पहारेकरी, एक डोक्यावर ओझं घेतलेली बाई आणि एक बसलेला म्हातारा, कारण गडावर नुसते लढणारे नव्हते. त्यांचे सिलिकॉनचे साचे करून रेझिनमध्ये ओतायचे. साच्याचं काम आम्हाला नवीन नाही, पार्टिंग लाईन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, कुठनं घ्यायची, हवा कुठनं बाहेर काढायची हे रोजचंच आहे, फक्त वाळूऐवजी सिलिकॉन. पहिले तीन घडवून झालेत, भालाईताचा हात जरा जाड वाटतोय तो परत करणार. श्रावणात रविवारी टिळकवाडीत रंगवायला बसायचं, ज्यांना यायचंय त्यांनी स्वतःचा शून्य नंबरचा ब्रश आणि डब्याचं झाकण आणायचं, फिगर आणि रंग आम्ही देऊ. आणि ज्या मंडळाला पुढच्या दिवाळीत ‘एक दरवाजा, एक माप’ असा वेगळा गट ठेवायचा असेल त्यांना परीक्षणाचा कागद मी स्वतः तयार करून देतो, त्यात पहिली ओळ हीच असेल: मावळा दरवाजातनं आत जातो काय?