आमची वाटचाल : लाईन गेली की अडकणारा मोडेम

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचे, ओलाव्याच्या मीटरचे आणि गाठींच्या प्रेसचे आकडे 4जी मोडेमवरून पाठवणारी पेटी, एवढाच आमचा माल. आधी तयार राउटरवर लिनक्स टाकून काम भागायचं. पुढे काट्याच्या डेटाच्या पॅकेटना पहिली वाट देणारं कर्नल मोड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जोडायचा कोड) स्वतः लिहिलं आणि रेफरन्स काउंट (एखादी गोष्ट किती जणांच्या हातात आहे त्याचा आकडा) नावाचं दुखणं आमच्या दारी आलं.

लग्नघरी नेलेले गंज (पातेली) मोजून परत येतात, तसाच हा हिशेब. कर्नलमधलं नेटवर्क डिव्हाइस, म्हणजे मोडेमसारख्या जोडणीची नोंद, कोडच्या कुठल्या भागाने हातात घेतलं की ‘डेव्ह_होल्ड’ने आकडा एकाने वाढतो, ‘डेव्ह_पुट’ने कमी होतो. कोणाच्या तरी हातात असेपर्यंत कर्नल डिव्हाइसची मेमरी सोडत नाही. एखादा ‘पुट’ राहिला तरी काम सुरूच राहतं. डिव्हाइस काढायची वेळ येते तेव्हा उघडं पडतं. शहरातल्या टेबलावर मोडेम महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. इकडे व्होल्टेज पडलं की यूएसबी मोडेम दिवसातून दहादा जातो-येतो.

खूण ठरलेली आहे. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, दर 10 सेकंदांनी ‘अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर डब्ल्यूवॅन0 टू बिकम फ्री’ आणि पुढे युसेज काउंट. ‘आयपी लिंक’च्या यादीत पाहिलं तर इंटरफेस (इथे मोडेमचा डब्ल्यूवॅन0) नाहीच, कारण यादीतून तो आधीच निघालेला असतो. यूएसबी हबचं काम करणारा वर्कर डिस्कनेक्टमध्येच अडकून बसतो, म्हणून परत आलेला मोडेम त्या हबवर ओळखलाच जात नाही. सिमकार्ड बदलून, अँटेना बदलून काही होत नाही. रोज रात्री पेटी रीबूट करायची क्रॉन ओळ (ठरल्या वेळी आपोआप चालणारी आज्ञा) टाकणं म्हणजे गळका पाइप चिंधीने बांधणं.

चूक आमच्याच कोडमध्ये होती. ‘डेव्ह_गेट_बाय_नेम’ नावावरून डिव्हाइस शोधतं आणि शोधतानाच आकडा वाढवतं. पुढच्या ओळीत कॅरियर (जोडणी चालू असल्याची खूण) नसेल तर फंक्शन तिथूनच ‘रिटर्न’ व्हायचं, ‘पुट’ न करता. ऑफिसात रेंज पूर्ण, त्यामुळे ती फांदी कधी चाललीच नाही. जिनिंगमध्ये रेंज गेली की प्रत्येक पॅकेटमागे आकडा वाढायचा.

शोधताना मोठी अडचण अशी, की साधारणपणे हा आकडा प्रत्येक सीपीयूवर वेगळा ठेवलेला असतो. होल्ड एका सीपीयूवर आणि पुट दुसऱ्यावर झालं तर एकीकडे वाढ, दुसरीकडे उणे. बेरजेलाच अर्थ. म्हणून तपासणीच्या कर्नलमध्ये आम्ही वेगळ्या आकड्यांचा ‘पीसीपीयू_डेव्ह_रेफसीएनटी’ हा पर्याय बंद करतो. मग आकडा साध्या ‘रेफकाउंट_टी’त येतो आणि शून्याखाली गेला की कर्नल स्वतः ओरडतो. सोबत 5.17 पासून आलेला रेफरन्स ट्रॅकर सुरू करतो. डिव्हाइस अडकलं की घेतलेला पण न सोडलेला रेफरन्स कुठल्या फंक्शनमधून आला, त्याचा स्टॅक (फंक्शनच्या हाकांची साखळी) तो छापतो. मात्र होल्ड करताना ट्रॅकर दिलेला हवा, नुसत्या ‘डेव्ह_होल्ड’चा माग लागत नाही.

दुरुस्तीत घाई करून भलतीकडे एक जादा ‘पुट’ टाकणं सगळ्यात वाईट. गळतीने पेटी अडकते. जादा पुटने वापरात असलेली मेमरी मोकळी होते आणि क्रॅश तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. पॅकेटच्या वाटेवर आम्ही रेफरन्स घेणंच सोडलं. ‘आरसीयू_रीड_लॉक’ (तो असेपर्यंत डिव्हाइसची मेमरी जात नाही) घ्यायचा, ‘डेव्ह_गेट_बाय_नेम_आरसीयू’ने शोधायचं, पॅकेट पुढे द्यायचं, लॉक सोडायचा. पॉइंटर लॉकच्या बाहेर न्यायचा नाही, आत झोपणारं (थांबून वाट पाहणारं) फंक्शन बोलवायचं नाही. सेटिंगमध्ये जो रेफरन्स कायम धरून ठेवावाच लागतो, तो डिव्हाइस निघत असल्याची ‘नेटडेव्ह_अनरजिस्टर’ सूचना येताच सोडायचा.

चाचणीला मोडेम लागत नाही. ‘आयपी लिंक ॲड’ने डमी (खोटा) इंटरफेस बनवा, मोड्यूलला त्याचं नाव द्या, पॅकेट सुरू असतानाच त्याचा ‘कॅरियर ऑफ’ करा, मग ‘आयपी लिंक डेल’. प्रॉम्प्ट लगेच परत आला नाही तर गळती आहे. हे 500 वेळा स्क्रिप्टने, त्यानंतर खऱ्या मोडेमची वीज रिलेने तोडून-जोडून 200 वेळा. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागायच्या आत हे सगळं उरकावं लागतं. हंगामात काट्याजवळची पेटी उघडायला कोणी देत नाही.