स्टुटगार्टचा जिना आणि आमचं पहिलं वर्ष

जर्मनीत स्टुटगार्टला येऊन वर्ष झालं. पुण्याच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "रुळलीस का गं?" आणि मी हो म्हणते. पण नक्की कशामुळे रुळले ते फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय.

आमच्यासारखे पिंपरी-चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांमधून आलेले लोक इथे पुष्कळ. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून सिस्टर सिटी आहेत, त्यामुळे इथल्या लोकांना आपला भाग अगदीच परका नाही. पण ऑफिसातली ओळख वेगळी आणि बिल्डिंगमधली वेगळी. ऑफिसात इंग्रजीवर भागतं. बिल्डिंगमध्ये श्वेबिश, म्हणजे इथली जर्मनची बोली, बोलतात, आणि मॅक्समुल्लर भवनातलं जर्मन कागदपत्रांना पुरतं, जिन्यात भेटणाऱ्या माणसांना पुरत नाही.

सुरुवातीचे दिवस सगळे कागदांमागे गेले. नव्या घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म, ती नोंद झाली की टॅक्स आयडी पोस्टाने येणार, मग रेडिओ-टीव्हीची फी भरा म्हणून पत्र येणार, महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही असो नसो. आणि ही सगळी पत्रं मिळायची तर टपालपेटीवर नाव हवंच. इथे फ्लॅटला साधारण नंबर नसतात, पोस्टमन आडनाव बघतो, आडनाव दिसलं नाही की पत्र परत. आमचं आडनाव लांबलचक, त्या एवढ्याशा पट्टीवर मावेना, तर घरमालकाने बारीक अक्षरात छापून आणलं आणि बेलवर, पेटीवर, दारावर स्वतः लावून दिलं. घर म्हणाल तर अगदी रिकामं. किचनमध्ये ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते पाण्याचे पाइप बाहेर आलेले. डिपॉझिट तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटपर्यंत मागू शकतात (कोल्ड म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे न धरता), त्यावर हा किचनचा खर्च, त्यामुळे येणाऱ्यांनी हाताशी पैसे ठेवूनच यावं.

पण मला सांगायचंय ते केरवोखंबद्दल.

एका रविवारी संध्याकाळी आमच्या दाराच्या हँडलला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली दिसली, त्यावर केरवोखं असं लिहिलेलं. म्हणजे हा आठवडा जिना झाडून पुसायची पाळी तुमची. स्टुटगार्टमध्ये हे फार जुनं आहे, मूळ पार 1492 च्या शहराच्या नियमांपर्यंत नेऊन सांगतात, आणि आता बऱ्याच ठिकाणी क्लीनिंगवाले येत असले तरी आमच्या बिल्डिंगमध्ये अजून घरटी पाळी आहे. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठी म्हणजे तळघर, कचऱ्याचे डबे ठेवतात ती जागा आणि घरापुढचा फूटपाथ, आणि थंडीत त्याच फूटपाथवरचा बर्फ, कामाच्या दिवशी सकाळी 7 च्या आत साफ.

समोर एक आजी राहतात, नवरा वारलाय, मुलगी हाइलब्रॉनला असते. शनिवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली, हातात त्यांचा झाडू आणि सुपली. म्हणाल्या, एकदा दाखवते. पायरी आतल्या कोपऱ्यातून बाहेर झाडायची, वरून खाली यायचं, मग ओलं फडकं, कठड्यावरून हात फिरवायचा, खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ विसरायची नाही, आणि शेवटी पाटी पुढच्या दारावर लावायची. मी पुसत होते आणि त्या वरच्या पायरीवर उभ्या राहून सांगत होत्या. त्या तेवढ्या वेळात जिन्याने जे जे गेले ते थांबून बोलले. तोवर मान हलवून जाणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका, त्यांनी विचारलं कुठून आलात, किती थंडी असते तिकडे, मुलं आहेत का. हातात फडकं होतं म्हणून ते बोलले असं मला मनापासून वाटतं. पाहुण्याला कोणी जिना पुसायला लावत नाही. त्या दिवसापासून या घराची मी कोणीतरी आहे असं वाटायला लागलं, आणि ते मला इतर कशानेच वाटलं नव्हतं, ना ऑफिसच्या वेलकम लंचने ना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीने, तिथे आनंद झाला पण तो आपल्याच माणसांत असल्याचा आनंद होता.

बाकीच्या गोष्टी हळूहळू अंगवळणी पडल्या. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भाजी-दूध भरायचं. प्लास्टिकच्या बाटलीचे 25 सेंट परत मिळतात, बाटल्या जपून ठेवायच्या. थंडीतसुद्धा रोज खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते, आणि आपल्या फोडण्या असतात त्या घरात तर हे हवंच. डिसेंबर मात्र जड गेला. साडेचारला सूर्य मावळतो, ऑफिसला जाताना अंधार आणि येताना अंधार, आईशी बोलताना उगाचच डोळ्यात पाणी यायचं. त्या महिन्यात शक्य असेल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडाच, अर्धा तास तरी उजेडात चाला, मला त्याने खरंच फरक पडला.

खाण्याचं फारसं अडलं नाही. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता इंडियन दुकानात मिळतात. श्रीखंड मी क्वार्कचं, म्हणजे इथल्या मऊ ताज्या चीजचं, करते, फॅट जास्त असलेला क्वार्क घ्यायचा, रात्रभर फडक्यात टांगायचा, अगदी चक्क्यासारखा होतो. कढीला बुटरमिल्श, म्हणजे इथलं ताक. कुकर भारतातून आणणार असाल तर आधी घरातली शेगडी विचारून घ्या, इंडक्शन असेल तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही.

दिवाळीला सुट्टी नव्हती. रात्री जागून चकल्या, शंकरपाळ्या, चिवडा केला आणि प्रत्येक मजल्यावर एकेक डबा दिला. डबे काही दिवसांत धुऊन परत आले, पण आजींचा आला नाही. तो डिसेंबरात आला, भरून, त्यांनी घरी केलेल्या गूट्सलं, म्हणजे ख्रिसमसच्या बिस्किटांनी, त्यात बडीशेपेच्या वासाची, ठसा उमटवलेली पांढरी स्प्रिंगर्लं होती. लाकडी साचा त्यांच्या आईचा आहे, तो त्यांनी मला घरात बोलावून दाखवला, आपल्या साटोऱ्या-करंज्यांचं मी सांगितलं, आणि आम्ही दोघी अर्ध्या तुटक्या भाषेत तासभर बोलत बसलो.

आता त्यांना चकली शिकायचीय. भाजणी इथे मिळत नाही, आई मेमध्ये येतेय, तिला सांगितलंय की दोन किलो आण, पण पिशवीवर ठळक लिही, गेल्या वेळी तिने थालिपीठाची पाठवली होती.